'स्ट्रेंजर थिंग्ज' पोरांसोबत बघायची का? कुठल्या वयाला कुठवर, आणि कशी

दर सुट्टीत कुणाच्या तरी घरी हा विषय निघतोच. पाचवी-सहावीतलं पोरगं म्हणतं वर्गात सगळ्यांनी बघितलीय, मीच राहिलोय. आईबाबा फोटो बघतात तर सायकलवरची चार मुलं, हातात टॉर्च, मग वाटतं मुलांचंच काहीतरी दिसतंय, दे लावून. तर बाबांनो, मुलं आहेत म्हणून ती मुलांसाठी आहे असं अजिबात नाही. आणि "ते भुताटकीचं काही नको आपल्याकडे" म्हणून सरसकट बंद करावी अशीही नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही एक सिरीज धरूच नका, पाच सीझन म्हणजे पाच वेगवेगळ्या वयांच्या गोष्टी आहेत, आणि हो की नाही ते सीझन बघून ठरवायचं, काही ठिकाणी तर एपिसोड बघून. खाली गोष्टीतलं बरंच काही फोडलंय, त्याला इलाज नाही, कारण कोण कुठे कसं मरतं हे माहीत असल्याशिवाय आईबापाला ठरवताच येत नाही.

ज्यांनी काहीच बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅट आणि रॉस डफर या जुळ्या भावांनी बनवलेली नेटफ्लिक्सची सिरीज, पहिला सीझन जुलै २०१६ मध्ये आला, पाचवा आणि शेवटचा २०२५ च्या अखेरीस तीन हप्त्यांत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव, १९८३ चा नोव्हेंबर, विल नावाचा मुलगा माइक या मित्राच्या घरून रात्री सायकलवर परत येताना गायब होतो. गावाबाहेर एक सरकारी लॅब, तिथनं पळून आलेली बारीक केस कापलेली मुलगी जिला नावाऐवजी नंबरच आहे, इलेव्हन, आणि आपल्या जगाला चिकटूनच असलेलं एक अंधारं उलटं जग. मुख्य गोष्ट १९८३ ते १९८७ एवढीच चालते, पण बनवायला दहाएक वर्षं गेली, नट-नट्या पोरांच्या बाप्ये-बाया झाले आणि लिहिणाऱ्यांनीही तसतशी भीती वाढवत नेली. पहिल्या सीझनमध्ये राक्षस बराच वेळ दिसतच नाही, चौथ्यात हाडं मोडताना कॅमेरा समोर उभा असतो. म्हणून "पहिला सीझन झेपला म्हणजे पुढचे पण झेपतील" हा हिशोब इथे लागू नाही.

आता सुरुवात कुठून करायची, तर टीव्हीसमोर बसतंय कोण तिथून. आपल्याकडे टीव्ही हॉलमध्ये, आणि मोठ्यासाठी लावलेलं धाकटं पण बघतं, ते जमिनीवर गाड्या खेळतंय म्हणजे त्याचं लक्ष नाही असं समजू नका, आवाज त्याच्या कानात जातच असतो आणि या सिरीजमध्ये निम्मी भीती आवाजातच आहे. नियम साधा, खोलीत सगळ्यात लहान जो असेल त्याच्या वयाने ठरवायचं. सुट्टीत चुलत-मावस भावंडं जमली की हे हमखास मोडतं, कारण तेरा वर्षांच्या ताईसाठी लावलेल्या एपिसोडला सहा वर्षांचा भाऊ उशी घेऊन हजर. धाकट्याला आजीकडे नाहीतर खाली खेळायला पाठवता येणार नसेल तर त्या दिवशी लावूच नका.

मग रेटिंग. २०२१ च्या आयटी नियमांनंतर आपल्याकडे ओटीटीवर पाच गट झालेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. एपिसोड सुरू होताना कोपऱ्यात हे येतं, सोबत हिंसा, भाषा, भय वगैरे कशामुळे ते पण लिहिलेलं असतं, आणि आपण नेमके तेव्हा पाणी आणायला उठलेलो असतो. अमेरिकेत या सिरीजला टीव्ही-१४ आहे, म्हणजे चौदाच्या खालच्यांना पालकांनी सांभाळून दाखवा. पण सिरीजच्या पानावर दिसतं ते रेटिंग अख्ख्या सिरीजचं मिळून असतं, त्यात पहिल्या सीझनचा दुसरा एपिसोड आणि चौथ्याचा शेवटचा एकाच डब्यात. त्यामुळे रेटिंग बघा जरूर, पण निर्णय त्याच्यावर सोडू नका.

खरं काम आहे ते आधी स्वतः बघायचं. सगळे सीझन बघा असं म्हणत नाही, वेळ कुणाला आहे, पण पुढे जे सांगतोय ते एपिसोड पोरं झोपल्यावर एकदा बघून घ्या. आणि बघताना "हे भयानक आहे का" असा प्रश्न नको, "माझ्या पोराला नेमकं कशाचं भ्या वाटतं" हा ठेवा. काहींना अचानक दचकवलं की त्रास होतो पण दोन मिनिटांत हसतात. काहींना रक्त चालतं पण आईपासून लांब गेलेलं मूल बघवत नाही. कुणाला अंगात काहीतरी शिरलंय ही कल्पनाच सहन होत नाही, कुणाला झुरळं-उंदीर. या सिरीजमध्ये हे सगळं आहे, पण वेगवेगळ्या सीझनमध्ये वाटलेलं आहे, त्यामुळे ही माहिती भयंकर कामाची.

पहिला सीझन, ८ एपिसोड. मला विचाराल तर अकरा-बाराच्या पोराला मोठं माणूस शेजारी असेल तर चालतो, आणि चांगला चालतो. पण तीन जागा माहीत पाहिजेत. पहिल्याच एपिसोडमध्ये भुकेल्या इलेव्हनला बेनी नावाचा खानावळवाला प्रेमाने खायला घालतो आणि मदतीला आलेली बाई म्हणून जिला दार उघडतो ती त्याला तिथेच गोळी घालते. राक्षसापेक्षा हा धक्का मुलांना जास्त बसतो, कारण तो भला माणूस होता. दुसरी जागा म्हणजे तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी खाणीच्या पाण्यातून विलचं प्रेत काढतात. ते खोटं असतं, पण हे पुढे कळतं, त्यामुळे तिसऱ्याला टीव्ही बंद करून पोराला झोपायला पाठवू नका, एकतर चौथा पण त्याच दिवशी बघा नाहीतर सरळ सांगून टाका की विल मेलेला नाही. सस्पेन्स गेला तर गेला. तिसरी म्हणजे लॅबमधल्या इलेव्हनच्या आठवणी, जिला ती पप्पा म्हणते तोच माणूस ऐकलं नाही म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत कोंडायला लावतो. ज्या पोरांना कोंडून घालण्याची भीती आहे, किंवा कुणी गमतीत का होईना कोंडलंय, त्यांना हे फार लागतं. शिवाय शाळेतली दादागिरी आहे, सहाव्या एपिसोडमध्ये विलचा दुसरा मित्र डस्टिन याच्या तोंडाशी चाकू धरून माइकला कड्यावरून उडी मारायला लावतात. तो उडी मारतो, आणि इलेव्हन त्याला हवेतच धरते. शाळेत ज्याला त्रास होतोय अशा मुलाबरोबर हा एपिसोड बघताना हातात रिमोट ठेवा आणि नंतर बोला, पण बघाच, कारण तिथे मित्र कसे उभे राहतात हे बघण्यासारखं आहे.

चांगलं काय तेही सांगतो, नाहीतर नुसती भीतीची यादी व्हायची. क्लार्क सर नावाचे विज्ञानाचे शिक्षक आहेत, पाचव्या एपिसोडमध्ये कागदी थाळीवर दोरी काढून डोंबारी आणि पिसू यांच्या उदाहरणाने दुसरी मिती समजावतात. डोंबारी दोरीवर पुढे-मागेच जाणार, पिसू दोरीच्या बाजूने आणि खालून पण जाणार. आमच्यासारख्यांना हे कुणी असं शिकवलं असतं तर! एपिसोड थांबवून पोराला तेच पेनाने काढायला लावा. पुढे लहान मुलांच्या पोहायच्या हौदात पोतीच्या पोती मीठ ओतून इलेव्हनला तरंगवतात, बादलीत मीठ घालून अंडं तरंगवायचा प्रयोग त्याच संध्याकाळी घरी होतो. होकायंत्राचा काटा का वळतो, वॉकीटॉकी कशी चालते, वायरवाल्या फोनवर घरातल्या दुसऱ्याने रिसीव्हर उचलला की बोलणं ऐकू कसं जायचं, हे सगळं तुम्हाला सांगता येतं. पोरं जरा मोठी, नववी-दहावीतली असतील तर लॅबचा धागा धरून खरी गोष्ट सांगा, अमेरिकेच्या सीआयएने १९५३ ला 'एमके-अल्ट्रा' नावाचा प्रकल्प सुरू केला होता, माणसांवर, कित्येकदा त्यांना न सांगता, औषधांचे प्रयोग, तो १९७३ ला बंद झाला आणि १९७५ मध्ये लोकांसमोर आला. सिरीजमधली लॅब काल्पनिक आहे पण तिचं बीज तिथलं आहे.

दुसरा सीझन, ९ एपिसोड, बारा-तेरा. इथे विलच्या अंगात त्या उलट्या जगातलं काहीतरी शिरतं, शेवटाकडे त्याला खाटेला बांधून खोली तापवून बाहेर काढतात, तो किंचाळतो, आई रडतेय. अंगात येणं, बाहेरचं लागणं असल्या गोष्टी ज्या घरात गंभीरपणे बोलल्या जातात तिथल्या पोरांनी या प्रसंगाची भलतीच सांगड घातली तर नवल नाही, आधीच स्पष्ट करा. आठव्या एपिसोडमध्ये बॉब जातो. बॉब म्हणजे विलच्या आईचा मित्र, सज्जन, विनोदी, घराघरातला लाडका होईल असा माणूस, आणि तो सुटला सुटला म्हणेपर्यंत दारात त्याच्यावर त्या कुत्र्यासारख्या राक्षसांची टोळी तुटून पडते. सगळं बऱ्यापैकी दिसतं. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर हा एपिसोड काही महिने लांबवा. सातवा एपिसोड इलेव्हन शिकागोला जाते तो, बंदुका आणि सूड, बऱ्याच लोकांना तो कंटाळवाणा वाटतो, मलाही. एक गोष्ट मात्र छान, हा सीझन शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमावर संपतो, सगळे सुखरूप. थांबायला याच्यासारखी जागा नाही. पोर लहान असेल तर इथे "संपली" म्हणा आणि दोन वर्षं विषय काढू नका.

तिसरा सीझन फसवतो. १९८५ चा उन्हाळा, नवाकोरा मॉल, आइस्क्रीमचं दुकान, रंगच रंग, म्हणून हलकाफुलका वाटतो, आणि मग उंदीर फुटून त्यांचा लगदा होतो, माणसं रसायनं पितात, माणसांचंच मांस वितळून एक गोळा बनतो. किळस येणाऱ्या पोराने जेवताना तर अजिबात बघू नये, आणि आपल्याकडे ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची सवय, तेव्हा बघा बुवा. शेवटाला इलेव्हनच्या पायात शिरलेलं काढायला चाकूने कापतात ते मोठ्यांनाही जड जातं. सिगारेटी पहिल्यापासून भरपूर आहेत, एवढ्या की २०१९ ला ओरड झाल्यावर नेटफ्लिक्सला जाहीर करावं लागलं की लहानांना चालतील अशा पुढच्या कार्यक्रमांत धूम्रपान टाळू. तेरा-चौदा म्हणा.

चौथ्यावर जरा थांबतो, कारण खरी गडबड इथे होते. पहिले तीन बघून झालेलं बारा वर्षांचं पोर म्हणतं आता चौथा, आणि तुम्ही म्हणता बरं. नको. सुरुवातच १९७९ च्या लॅबमध्ये, रक्ताने माखलेली लहान मुलांची प्रेतं. २०२२ च्या मे महिन्यात हा सीझन आला तेव्हा काहीच दिवस आधी टेक्ससमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला होता, आणि नेटफ्लिक्सने अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी पहिल्या एपिसोडआधी वेगळी सूचना टाकली. त्याच एपिसोडच्या शेवटी क्रिसी नावाची मुलगी हवेत उचलली जाते, हातपाय काटकाट मोडतात, डोळे आत जातात. पण माझा आक्षेप हाडांना कमी आणि कारणाला जास्त आहे. इथला खलनायक वेक्ना ज्यांच्या मनात अपराधी भाव आहे, दुःख आहे, अशाच किशोरवयीन पोरांना हेरतो. क्रिसीला आई अंगावरून टोमणे मारते आणि ती शाळेच्या बाथरूममध्ये उलट्या काढते. टोळीतल्या मॅक्स या मुलीचा सावत्र भाऊ गेलाय, ती कुणाशी बोलत नाही, कानात हेडफोन घालून एकटी बसते आणि मग सगळ्यांना निरोपाची पत्रं लिहून ठेवते. पंधरा-सोळाच्या मुलाला हे खोलवर समजतं, त्यावर फार चांगलं बोलणं होऊ शकतं, चौथा एपिसोड तर अख्ख्या सिरीजमधला सर्वोत्तम म्हणेन. पण तेच बाराच्या मुलाला नुसतं "वाईट वाटणाऱ्याला राक्षस मारतो" एवढंच उरतं. आणि ज्या घरात मूल उदास आहे, खाणंपिणं कमी झालंय, किंवा स्वतःला इजा करण्याचं काही झालंय, तिथे हा सीझन करमणूक म्हणून लावू नका, आधी मुलाशी आणि डॉक्टरांशी बोला. शिवाय शेवटचा एपिसोड सव्वादोन तासांच्या वर आहे आणि त्यात या सीझनमधला सगळ्यांचा लाडका एडी मरतो, मॅक्सची अवस्था बघवत नाही, म्हणजे रात्री दहाला सुरू करून चालणार नाही.

पाचवा त्याच वजनाचा, वर त्यात माइकच्या लहान बहिणीलाच, हॉलीला, राक्षस घरात घुसून नेतो. लहान भावंडं असलेल्या घरात हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या लोकांबद्दल एक बोलून घेतो. आपल्याकडे रिमोट कधी धावतो, तर चुंबन आलं की. पहिल्या सीझनमध्ये माइकची मोठी बहीण नॅन्सी आणि तिचा मित्र स्टीव्ह यांचा प्रसंग आहे, दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी, तेवढ्यात बाबा खाकरतात, आई स्वयंपाकघरात जाते, कुणीतरी पुढे ढकलतं. आणि त्याच वेळी बार्ब नावाची नॅन्सीची मैत्रीण बाहेर राक्षसाच्या तावडीत सापडते ते मात्र सगळे टक लावून बघतात. कुणाचं काय मोडतंय, तुटतंय ते बघायला हरकत नाही आणि दोघं एकमेकांना आवडतात ते झाकायचं, हे मला काही पटत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये आइस्क्रीमच्या दुकानात सोबत काम करणारी रॉबिन स्टीव्हला सांगते की तिला मुली आवडतात, बाथरूमच्या फरशीवर बसून, इतकं साधं आणि हळुवार, तो प्रसंग पळवण्यासारखा तर मुळीच नाही. आजी-आजोबा बसणार असतील आणि त्यांना अवघडल्यासारखं होणार असेल तर त्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर त्यांची वेगळी सिरीज लावा, पोरासमोर तोंडं वेडीवाकडी करू नका, बस.

शिव्या इंग्रजीत भरपूर, मुलांच्याच तोंडी, आणि दादागिरी करणारी पोरं घाणेरड्या चिडवाचिडवीच्या शब्दांत बोलतात. पोरं ते उचलतातच.

सेटिंगचं काम अर्ध्या तासात होतं, ब्राउझरमध्ये अकाउंट उघडून केलं तर सोपं जातं. मुलाचं वेगळं प्रोफाइल बनवा, त्याला वयाची मर्यादा लावा. तुमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा, आणि तो स्वतःच्या वाढदिवसाचा नको, पोरं पहिला तोच टाकून बघतात. मुलाच्या प्रोफाइलमध्ये एखादी सिरीज नावाने बंद करायची सोय आहे, तिथे ही टाका, म्हणजे ती फक्त तुमच्या प्रोफाइलवरून, तुम्ही असतानाच चालेल. मग पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो ते बंद करा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जवळपास प्रत्येक एपिसोड अर्धवट टांगून संपतो आणि काही सेकंदांत पुढचा सुरू झाला की "आता राहू दे ना" म्हणत रात्रीचे बारा. पाहिलेल्याची यादी पण अकाउंटमध्ये दिसते, अधूनमधून बघा, पण पोराला माहीत असू द्या की तुम्ही बघता.

प्रत्यक्ष बघायचं दुपारी, लाइट लावून, आवाज कमी करून. साउंडबार असेल तर बंदच ठेवा, दचकवणारं सगळं त्याच्यावर चालतं. पहिल्यांदा अर्धाच एपिसोड लावून बघा, पोर पाय वर घेतंय, उशी तोंडावर, सारखं "पुढे काय होतं सांग" म्हणतंय, तर थांबवा आणि विचारा. "एवढं काय घाबरतोस, भित्रा कुठला" हे वाक्य त्या दिवसापुरतं घराबाहेर. मोठी भावंडं हे हमखास म्हणतात आणि मग धाकटा घाबरला तरी सांगत नाही, रात्री एकटा पडून राहतो. मेकिंगचे व्हिडिओ सगळ्यात उपयोगी पडतात. पहिल्या सीझनमधला राक्षस बऱ्याच ठिकाणी सूट घातलेला माणूस आहे, वेक्ना म्हणजे जेमी कॅम्पबेल बॉवर नावाचा नट, तासन्‌तास खुर्चीत बसून अंगावर चिकटवलेलं रबर. ते चिकटवताना बघितलं की भीती निम्मी होते. हे एपिसोडनंतर लगेच दाखवा, दुसऱ्या दिवशी नाही.

रात्रीचं एक खास आपल्याकडचं. सिरीजमध्ये दिवे फडफडले की राक्षस जवळ आला असं समजायचं. आता आपल्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं, पावसाळ्यात ट्यूबलाइट फडफडते, लाइट जाते, आणि बघितलेल्या रात्रीच नेमकी जाणार. पोराला आधीच सांगा की ही महावितरणची कृपा आहे, आणि उशाला टॉर्च द्या. दोन-तीन रात्री सोबत झोपायला मागितलं तर झोपू द्या, आठवडाभर चाललं तर सिरीज बंद, भांडण न करता.

अकराच्या खालच्यांना काय लावायचं, तर नेटफ्लिक्सवरचीच 'लॉस्ट इन स्पेस', २०१८ ते २०२१, तीन सीझन, २८ एपिसोड. रॉबिन्सन कुटुंब अनोळखी ग्रहावर आपटतं, आई, बाबा, तीन मुलं आणि एक परग्रहावरचा रोबो. पहिल्याच एपिसोडमध्ये मोठी मुलगी जूडी पाण्यात उतरते आणि पाणी गोठून आतच अडकते, तेवढं जरा श्वास रोखायला लावणारं आहे, पण तिथल्या अडचणी डोकं आणि विज्ञान वापरून सुटतात आणि आईबाप भांडतात तरी पोरांसाठी एकत्र उभे राहतात. आठ-नऊच्या पुढे बिनधास्त. १९९८ मध्ये दूरदर्शनवर मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' बघून वाढलेल्या आईबाबांना पण यात मजा येईल.

आणि पोराने आधीच चौथा सीझन मित्राच्या मोबाइलवर बघून टाकला असेल, जे बऱ्याच घरांत झालेलं असतं, किंवा नुसता क्रिसीचा तुकडा रील्समध्ये बघितला असेल, तर ओरडून उपयोग नाही. कुठला प्रसंग डोळ्यासमोर येतो ते विचारा, तो प्रसंग एकत्र बसून आवाज बंद करून बघायची त्याची तयारी आहे का विचारा, असेल तर बघा आणि मग वर सांगितलेला मेकिंगचा व्हिडिओ लावा. तयारी नसेल तर तो विषय तिथेच सोडा आणि पहिल्या सीझनच्या पहिल्या एपिसोडपासून, यावेळी तुमच्या शेजारी बसून, हळूहळू सुरू करा.